बाळंतिणीच्या दारीं

महाराष्ट्रांतल्या घरांत मूल जन्मास आलें कीं पांचव्या दिवशीं पांचवी पुजण्याची आणि सहाव्या रात्रीं सटवीची वाट पाहण्याची चाल फार जुनी आहे. पाट मांडावा, त्यावर विळा किंवा सुरी ठेवावी, दिवा रात्रभर तेवत ठेवावा, घरांतल्या बायकांनीं जागरण करावें आणि सटवाईनें येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें प्राक्तन लिहून जावें, अशी ही समजूत. नुसती भोळी रूढि म्हणून तिची वासलात लावणें सोपें आहे. पण तिच्या मागें एक कटु अनुभव उभा होता. सुइणीच्या अस्वच्छ विळ्यानें नाळ कापली जाई, आणि त्या जखमेंतून शिरलेला धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होई. आदल्या दिवशीं चांगलें दूध ओढणारें मूल दुसऱ्या दिवशीं तोंडच उघडीत नसे. जन्मानंतरचा पहिला आठवडा हा मनुष्याच्या आयुष्यांतला अत्यंत धोक्याचा काळ होय, हें आजच्या वैद्यकानें आंकड्यांनीं सिद्ध केलेलें सत्य आपल्या आज्या-पणज्यांना आंकड्यांवांचून ठाऊक होतें. त्यांना ठाऊक नव्हता तो उपाय.

हा उपाय घेऊन एखाद्या शिकलेल्या बाईनें ठरल्या दिवशीं बाळंतिणीच्या घरीं जावें, बाळाला पाहावें, आईला चार गोष्टी सांगाव्या, आणि या बाईचें वेतन यजमानानें न देतां नगरपालिकेनें किंवा सरकारनें द्यावें, ही कल्पना मात्र अगदीं अलीकडची. इंग्लंडांतल्या मँचेस्टर व सॅलफर्ड या गिरणगांवांत १८६२ सालीं कांहीं स्त्रियांच्या मंडळानें मजुरांच्या वस्तींत आरोग्याचे नियम समजावून सांगण्यासाठीं एक बाई पगारावर नेमली. हें काम वाढलें आणि पुढें मँचेस्टरच्या नगरपालिकेनें अशा बायकांच्या वेतनाचा भार उचलला. विसाव्या शतकाच्या आरंभीं बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यभरतीसाठीं आलेले अनेक तरुण शरीरानें नालायक ठरले, तेव्हां लहान मुलांची हेळसांड ही केवळ आईबापांची खासगी बाब नाहीं, ही जाणीव राज्यकर्त्यांना झाली. हडर्सफील्डचे नगराध्यक्ष बेंजामिन ब्रॉडबेंट यांनीं आपल्या विभागांत जन्मलेलें मूल एक वर्षाचें झाल्यास त्याच्या आईला एक पौंड देण्याचें जाहीर केलें. पण ब्रॉडबेंट यांनीं ओळखलेली खरी अडचण निराळी होती. मूल जन्मल्याची बातमीच नगरपालिकेस उशिरां कळे. आणि ती कळेपर्यंत कित्येक मुलें दगावलेलीं असत. म्हणून जन्माची वर्दी ४८ तासांच्या आंत देण्याचें बंधन प्रथम त्यांच्या शहरांत १९०६ सालीं आलें व १९०७ सालीं तसा कायदा पार्लमेंटनें केला. घरभेटीचा पाया जन्माच्या नोंदींत आहे, हा या प्रयोगाचा पहिला धडा.

मुंबईस हा धडा कळूं लागला तेव्हां शहराची स्थिति फार निराळी होती. १८९६ सालीं प्लेगची सांथ आली. रोगी हुडकून काढण्यासाठीं सरकारी पथकें घरोघर शिरूं लागलीं, माणसें रुग्णालयांत नेऊं लागलीं, सामान जाळूं लागलीं. पुण्यांत या जुलुमाचा शेवट १८९७ सालीं रँडच्या खुनांत झाला. मुंबईंत १८९८ च्या मार्च महिन्यांत एका आजारी मुलीला तपासण्यावरून मदनपुऱ्यांत दंगा उसळला. आरोग्यखात्याचा माणूस दाराशीं आला म्हणजे घरांतलें कोणी तरी नेलें जाणार, ही धास्ती चाळीचाळींतून बसली होती. सार्वजनिक आरोग्याच्या नांवानें घराचा उंबरठा ओलांडला जाण्याचा मुंबईकरांचा पहिला मोठा अनुभव हा असा होता. त्यानंतर अवघ्या कांहीं वर्षांत त्याच खात्याच्या वतीनें परिचारिका आणि सुइणी बाळंतिणींच्या खोल्यांकडे जाऊं लागल्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांच्यापुढें केवढें काम होतें याची कल्पना येते. शिपाई बरोबर घेऊन त्यांना जातां येणार नव्हतें. दार आंतून उघडलें जाईल तेव्हांच त्यांचें काम सुरू होणार होतें.

१९०१ पासून मुंबईचे मुख्य आरोग्याधिकारी असलेले डॉ. जे. ए. टर्नर यांनीं ही गोष्ट जाणली होती. १९०४ सालीं स्थापन झालेल्या बाँबे सॅनिटरी असोसिएशनचे ते चालक. व्याख्यानें, पत्रकें यांबरोबरच स्त्रियांनीं स्त्रियांकडे जाऊन बोलणें हा या संस्थेच्या कामाचा एक भाग झाला. नगरपालिकेच्या परिचारिका गरिबांच्या वस्तींत फिरत, प्रसूतीला मदत करीत, नाळ स्वच्छ ठेवण्यास सांगत. पुढें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गव्हर्नर लॉइड यांच्या पत्नीच्या पुढाकारानें शिशुकल्याणाचें काम उभें राहिलें आणि गिरणगांवांत शिशुकेंद्रें निघालीं. या कामास बायका कोठून मिळाव्यात, हा प्रश्न होता. उच्च वर्णाच्या घरांतल्या मुली परिचारिकेच्या धंद्याकडे वळत नव्हत्या. परक्या घरीं जाऊन बाळंतपण करणें हें हलकें काम समजलें जाई. पुण्यास १९०९ सालीं स्थापन झालेल्या सेवासदनानें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांना परिचारिकेचें व सुइणीचें रीतसर शिक्षण मिळण्याची सोय केली आणि या धंद्याला मान मिळवून दिला. विधवा म्हणून कोपऱ्यांत बसविलेल्या कित्येक स्त्रियांना त्यामुळें स्वतःच्या पायावर उभें राहतां आलें. बाळंतिणीच्या घरची भेट आणि शिकलेल्या स्त्रीची मिळकत हीं दोन्हीं आपल्याकडे अशीं एकमेकांशीं बांधलेलीं आहेत. तो संबंध अजून सुटलेला नाहीं.

या काळांतला मुंबईचा बालमृत्यूचा आंकडा आजही वाचणाऱ्यास दचकवितो. १९२१ सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांमागें ६६६ मुलें वर्षाच्या आंत मेल्याची नोंद आहे. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांपुरता हिशेब केला तेव्हां तो आंकडा ८२८ च्या घरांत गेला. दोन, तीन, चार खोल्यांच्या घरांकडे जावें तसतसा तो झपाट्यानें उतरत होता. तथापि हे आंकडे जसेच्या तसे घेतां येत नाहींत, आणि त्याचें कारण मराठी घराच्या एका प्रेमळ रीतींत आहे. मुंबईच्या गिरणीकामगाराची बायको बाळंतपणाला रत्नागिरीस किंवा साताऱ्यास गांवीं जाई. मुलाचा जन्म तेथें नोंदला जाई, किंवा नोंदलाच जात नसे. तीन-चार महिन्यांचें मूल घेऊन ती परळ-लालबागच्या खोलींत परत येई. आणि तें मूल तेथें दगावलें तर मृत्यु मात्र मुंबईच्या खातीं पडे. भागिलें जावयाची संख्या पुरी आणि भागणारी संख्या अपुरी, असा तो हिशेब होता. आंकडा फुगलेला असला तरी त्यानें दाखविलेला उतार खोटा नव्हता. जितकी खोली लहान आणि माणसें दाट, तितकें मूल जगणें कठीण, एवढें त्यावरून उघड होत होतें.

घरभेटीनें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें १९२२ सालच्या एका चौकशीनें चांगलें दाखविलें. डॉ. बार्न्स या स्त्रीवैद्यास मुंबई सरकारनें गिरणींतल्या बायकांच्या बाळंतपणाची स्थिति पाहण्यासाठीं नेमलें होतें. त्यांना असें आढळलें कीं, गिरणींत जाणाऱ्या आयांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती. लहानशी गोळी सकाळीं चाटविली कीं मूल दिवसभर गुंगींत पडून राही. याला आईचें अज्ञान म्हणावें, तर ती गोळी ती शौकानें देत नव्हती. दहा तासांची पाळी, घरीं सांभाळणारें कोणी नाहीं, आणि बाळंतपणानंतर कामावर लवकर रुजू न झालें तर पगार बुडून जागाही जाण्याची भीति. अशा बाईला परिचारिकेनें दारीं येऊन अफूचे दुष्परिणाम कितीही समजावून सांगितले तरी ती काय करणार? चांगला सल्ला पाळतां येण्यापुरती मोकळीक आईपाशीं असावी लागते.

यांतूनच प्रसूतिकालीं भरपगारी विश्रांतीची मागणी पुढें आली. मुंबई कायदेमंडळांत १९२८ सालीं या विधेयकाची चर्चा झाली तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. त्यांच्या बोलण्यांतला एक मुद्दा या विषयाच्या मुळाशीं जातो. बाळंतपणाच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि लोकांच्या कल्याणाचें रक्षण हें मुख्यतः सरकारचें काम आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वांटा सरकारनें उचलावयास पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. १९२९ सालीं झालेल्या मुंबईच्या प्रसूतिलाभ कायद्यानें तो भार गिरणीमालकांवर टाकला, आणि हिंदुस्थानांत अशा कायद्याचा आरंभ मुंबईनें केला, ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु खर्च कोणाचा हा प्रश्न मात्र पूर्णपणें सुटला नाहीं. पुढें तो घरभेट देणाऱ्या बाईच्या बाबतींत पुन्हां उभा राहणार होता.

तत्पूर्वीं मुंबईच्या बाळंतपणांची जागाच बदलली. १९२६ सालीं परळला नौरोसजी वाडिया सूतिकागृह सुरू झालें, १९२९ सालीं शेजारीं मुलांचें रुग्णालय निघालें. नगरपालिकेचीं सूतिकागृहें विभागविभागांत वाढत गेलीं. खोलींतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांतून बाळंतपण रुग्णालयाच्या उजेडांत आलें. यामुळें असंख्य आया वांचल्या. पण त्याबरोबर एक चूकही रुजली. मूल सुखरूप जन्मलें, आई तिसऱ्या दिवशीं घरीं गेली, म्हणजे धोका संपला, असें सर्वांनाच वाटूं लागलें. वास्तविक धोका बाळाबरोबर घरीं जात होता. कमी वजनाचें मूल थंडीनें गारठतें, अंगावर नीट पीत नाहीं, नाळेंतून किंवा श्वासांतून जंतुदोष शिरतो; आणि हें सर्व बहुतेक वेळां रुग्णालय सोडल्यावर घडतें.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ सालीं, भोर समितीनें जो अहवाल दिला त्यांत मातृ-बाल-आरोग्याला मोठें स्थान होतें. पुढें १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रें निघूं लागलीं, सहायक परिचारिका खेडोपाडीं नेमल्या गेल्या. त्यांच्या कामाच्या यादींत घरभेट होतीच. पण एकेका परिचारिकेकडे हजारों लोकवस्तीचीं अनेक गांवें, वर कुटुंबनियोजनाचीं लक्ष्यें आणि लसीकरणाच्या मोहिमा. ज्या बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या दिवशीं जावयाचें तिच्या घरीं महिन्यानें जाणें होई. महिन्यानें झालेली भेट नोंदवहीपुरती ठीक. बाळाच्या दृष्टीनें ती फार उशिराची असे.

या कोंडींतून वाट निघाली ती मुंबईंत नव्हे, राज्याच्या अगदीं दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यांत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें सर्च ही संस्था काढली. त्या काळीं तेथील बहुतेक बाळंतपणें घरींच होत, आणि आजारी तान्ह्या बाळाला घेऊन रुग्णालय गांठणें आईबापांना परवडत नसे. शिवाय सव्वा महिन्याच्या आंत बाळाला घराबाहेर काढण्याची रीत नव्हती. बाळ रुग्णालयांत येत नसेल तर रुग्णालयाचें ज्ञानच बाळापर्यंत नेलें पाहिजे, असा विचार करून त्यांनीं ३९ गांवांत गांवांतलीच एकेक बाई निवडली, तिला शिकविलें, आणि शेजारच्या ४७ गांवांशीं तुलना ठेविली. ही आरोग्यदूत बाई प्रसूतीच्या वेळीं हजर राही, मूल रडलें नाहीं तर त्याला श्वास देई, त्याचें वजन करी, त्याला ऊब देई आणि ठरल्या दिवशीं पुन्हां पुन्हां घरीं जाई. जंतुदोषाचीं लक्षणें दिसल्यास आईबापांच्या संमतीनें ती इंजेक्शनही देई. खेड्यांतल्या थोड्या शिकलेल्या बाईच्या हातीं सुई द्यावी कीं नाहीं, यावर वैद्यकीय जगांत शंका घेतल्या गेल्या. त्यांना उत्तर आंकड्यांनीं दिलें. प्रयोगापूर्वीं त्या गांवांत दर हजार जन्मांमागें ६२ नवजात बालकें मरत. १९९७-९८ सालीं हा आंकडा २५·५ वर आला. शेजारच्या गांवांत तो ५९·६ होता. १९९९ च्या डिसेंबरांत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि पुढें महाराष्ट्रांतल्या सात ठिकाणीं दुसऱ्या संस्थांनीं तो प्रयोग करून पाहिला.

गडचिरोलीनें जें सिद्ध केलें त्याचें मर्म थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. टर्नर यांच्या काळच्या परिचारिकेपाशीं मुख्यतः उपदेश होता. या बाईच्या हातीं तराजू, उष्णतामापक, घड्याळ आणि औषध होतें. ती परकी नव्हती. रात्रीं बारा वाजतां तिला हांक मारतां येत होती. आणि तिची भेट बाळाच्या वयानें ठरविली जाई, तिच्या सोयीनें नव्हे.

२००५ सालीं ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन आशा नांवाची कार्यकर्ती गांवोगांव आली, आणि २०११ सालीं भारत सरकारनें घरच्या घरीं नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम देशभर तिच्यावर सोंपविला. रुग्णालयांत जन्मलेल्या मुलाकडे तिनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं, म्हणजे सहा वेळां जावयाचें. घरीं जन्मलेल्या मुलाकडे पहिल्याच दिवशीं आणखी एकदां. ती बाळाला झोळींत घालून तोलते. अडीच किलोच्या खालीं वजन असेल तर अधिक जपण्यास सांगते. मिनिटाला श्वास मोजते. साठ किंवा त्याहून अधिक भरले तर दवाखान्याची वाट धरावयास लावते. बाळाला लगेच न्हाऊं घालूं नये, नाळेला कांहीं लावूं नये, आईच्या उघड्या छातीशीं धरून ऊब द्यावी, सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज बाळगुटी, मध, पाणी कांहीं देऊं नये, हें ती सांगते आणि सासूच्या समोर सांगते, कारण घरांत शब्द चालतो तो सासूचा. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पांच भेटी तिच्या कामांत आल्या. शहरांतल्या गरीब वस्त्यांत आशा नेमण्याची व्यवस्था मात्र २०१३ सालीं नागरी आरोग्य अभियान मंजूर झाल्यावर आली. ज्या मुंबईच्या चाळींत घरभेटीचा आरंभ झाला, त्या शहरांकडे ती अशी गडचिरोलीचा वळसा घेऊन परतली.

शहरांतली तिची कसोटी पाहावयाची तर नवी मुंबईसारखें ठिकाण नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणें खाडीच्या पूर्वेस आगरी-कोळ्यांच्या गांवांच्या, मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या जमिनीवर नवें शहर आंखलें गेलें. घणसोली, दिवाळे, करावे, सारसोळे या गांवांत तोंवर बाळंतपण म्हणजे गांवची सुईण असेंच होतें. १९७३ सालीं वाशीचा पूल झाला, पुढें घाऊक बाजार तुर्भ्यास आले, त्यांच्याबरोबर सातारा-सांगलीकडचे माथाडी कोपरखैरण्यास राहावयास आले. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या डोंगरउतारावर खाणकामगारांच्या व कारखान्यांतल्या मजुरांच्या वस्त्या चढत गेल्या. १९९२ च्या आरंभीं नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. १९९१ सालीं सुमारें तीन लाखांची असलेली वस्ती २०११ च्या खानेसुमारींत अकरा लाखांच्या पुढें गेली. पालिकेनें विभागविभागांत नागरी आरोग्य केंद्रें आणि माता-बाल रुग्णालयें उभारलीं. या केंद्रांच्या परिचारिका आणि आशा यांच्या नोंदवह्यांत गर्भवतीचें नांव चढतें, आणि तेथूनच घरभेटीचा हिशेब सुरू होतो.

आणि येथेंच १९२१ सालचा जुना पेंच पुन्हां समोर येतो. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यांत माहेरीं जाते. कोपरखैरण्याच्या केंद्रांत नोंदलेली मुलगी बाळंत होते कऱ्हाडास. दिघ्याच्या वस्तींतली बाई उत्तर प्रदेशांत आपल्या गांवीं जाते. आशाताई तिसऱ्या दिवशीं जावें तों दाराला कुलूप. उलट दुसऱ्या शहरांतून माहेरपणाला आलेली लेक तिच्या वहींत कोठेंच नसते. बांधकामावरचें बिऱ्हाड तर इमारत पुरी होतांच पुढच्या कामावर निघून जातें. शंभर वर्षांपूर्वीं आरोग्याधिकाऱ्याचा हिशेब ज्या रीतीनें चुकला, त्याच रीतीनें आजच्या भेटी चुकतात. सासर आणि माहेर या दोन घरांतल्या दोन आशांनीं भेटी वांटून घेण्याची सोय नियमांत करण्यांत आली आहे. पण एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बाळाची वर्दी वेळेवर पोंचली तरच तिचा उपयोग.

दुसरें कुलूप निराळ्या प्रकारचें आहे. आशांची योजना गरीब वस्त्यांसाठीं आंखलेली आहे, आणि वाशी-नेरूळच्या उंच इमारतींतल्या सुशिक्षित कुटुंबाला आपल्याला तिची गरज नाहीं असें वाटतें. खासगी रुग्णालयांतून परतलेल्या आईपाशीं पुस्तकें असतात, डॉक्टरांचा दूरध्वनि असतो. पण अंगावर पाजतांना मूल नीट धरावें कसें हें दाखविणारें माणूस तिच्या दोन खोल्यांच्या घरांत पुष्कळदां नसतें. सासू गांवीं, आई परदेशीं, नवरा कामावर. डॉक्टरांकडे जाण्यासारखें कांहीं झालें आहे कीं नाहीं, हेंच तिला ठरवितां येत नाहीं. ज्या देशांतून ही कल्पना आली त्या इंग्लंडांत नवजात मुलाकडे भेट द्यावयाची ती श्रीमंत-गरीब न पाहतां, असा शिरस्ता पडला. आणि कोणाच्या दारीं ती बाई गेली म्हणून त्या घरास कमीपणा येईना. आपल्याकडे ही भेट गरिबीची खूण ठरली, तर ती ज्यांना हवी आहे तेही संकोचानें दार लोटून घेतील.

तिसरा प्रश्न जुनाच आहे, वेतनाचा. आशा ही नोकर मानलेली नाहीं. ती स्वयंसेविका, आणि तिला मिळतो तो कामापुरता मोबदला. २०११ च्या नियमाप्रमाणें नवजात बालकाच्या साऱ्या भेटी पुऱ्या झाल्यावर तिला २५० रुपये मिळावयाचे, आणि तेही बाळाचें वजन नोंदलेलें असेल, जन्म नोंदला असेल, पहिल्या लसी टोंचल्या असतील आणि बेचाळीस दिवस माय-लेंकरूं सुखरूप असतील तर. जें मूल सर्वांत अशक्त, त्याच्यासाठीं तिचे हेलपाटे सर्वांत अधिक. आणि तेंच हातचें गेलें तर तिचा मोबदलाही त्या अटींत अडकणार. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतल्या दहा लाख आशांचा जागतिक पुरस्कारानें गौरव केला. त्यानंतर सुमारें दीड वर्षानें, २०२३ च्या अखेरीस, महाराष्ट्रांतल्या आशांना मोबदल्यासाठीं संपावर जावें लागलें. २०२४ च्या आरंभीं त्या मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या. आणि मार्चमध्यें राज्य सरकारनें त्यांच्या मासिक मोबदल्यांत ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. सन्मान आणि पगार यांतलें हें अंतर आंबेडकरांनीं विचारलेल्या प्रश्नाकडेच परत नेतें. बाळ जगणें ही जर राष्ट्राची गरज आहे, तर त्याचा खर्च कोणी करावयाचा? गिरणीमालकांच्या काळीं तो मालकावर टाकला गेला. आज त्याचा मोठा वांटा, कोणी तसें स्पष्ट न म्हणतां, दारोदार चालणाऱ्या बाईच्या अंगावर पडतो.

जें साधलें आहे तें थोडें नाहीं. महाराष्ट्राचा बालमृत्यूचा दर २०२० सालीं हजारीं १६ वर आला होता. ज्या धनुर्वाताच्या भयानें पांचवीचीं जागरणें होत, त्याचें माता व नवजात बालकांतून निर्मूलन झाल्याचें २०१५ सालीं भारताबाबत प्रमाणित झालें. परंतु त्या १६ पैकीं ११ मृत्यु पहिल्या महिन्याच्या आंतले होते. उरलेलें काम म्हणजे मुख्यतः या चार आठवड्यांचें काम होय, आणि त्यांतले बरेच दिवस मूल घरीं असतें.

हें काम मोठ्या इमारती बांधून होण्यासारखें नाहीं. त्याला लागतात त्या गोष्टी साध्या आहेत: जन्माची वर्दी वेळेवर, माहेरचा पत्ता सासरच्या केंद्राला आणि सासरचा माहेरच्या केंद्राला, तराजू बिनचूक, आणि तो घेऊन चालणाऱ्या बाईचा पगार महिन्याच्या महिन्याला. यांतली पहिली आणि दुसरी गोष्ट प्रत्येक घराच्या हातची आहे. लेक बाळंतपणासाठीं आली कीं जवळच्या आरोग्य केंद्रांत तिचें नांव घालून यावें, आणि इमारतीच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवावें कीं वही-तराजू घेऊन एखादी बाई बाळाची चौकशी करीत आली तर तिला वर पाठवावें. बाकीच्या दोन गोष्टी पालिकेच्या आणि सरकारच्या. त्या त्यांच्याकडून मागून घेणें हेंही सुशिक्षित नागरिकांचेंच काम आहे. सातव्या दिवसाची भेट आठ दिवस उशिरां दिली म्हणजे ती सातव्या दिवसाची राहत नाहीं. बाळाचें वय कोणाच्या मंजुरीसाठीं थांबत नाहीं.